फावडं टेकायची वेळ

१६ नोव्हेंबर

टेरीच्या सांगण्यावरून ही वही सुरू करतोय. टेरी म्हणजे माझ्या बायकोच्या, बर्नाडेटच्या, बहिणीचा मुलगा. वकील आहे. काल जेवायला आला होता. "काझकाका, रोज लिहून ठेवा. बर्फ कधी थांबला, फावडं कधी मारलं, मीठ कुठे टाकलं, सगळं. कोर्टात वहीसारखा साक्षीदार नाही. जबाब फिरवत नाही आणि जेवायला मागत नाही." हे बोलताना त्याची तिसरी ताटली चालू होती.

त्याने कायदाही समजावला. बर्फ पडत असेपर्यंत घरमालकाने हात लावला नाही तरी चालतं. थांबला की वाजवी वेळात वाट मोकळी करायची. वाजवी म्हणजे किती, असं मी विचारलं. तो म्हणाला, "ते पडणाऱ्याचं हाड किती ठिकाणी मोडलं त्यावर ठरतं." पण आपल्याच पन्हळीचं पाणी पायरीवर गोठलं तर मात्र सुटका नाही. ते आभाळातून पडलेलं नसतं, आपल्या घरातून पडलेलं असतं.

बारा बिऱ्हाडांची ही इमारत घेऊन आम्हाला सहा महिने झाले. एकतीस वर्षं बफेलो शहराच्या रस्त्यांवर पावाची गाडी चालवली, शेवटी राहतं घर विकलं आणि तळमजल्यावर राहायला आलो. आधीच्या मालकाने कधी फावडं हातात धरलं नाही. त्याच्या पायऱ्यांवर दोन जण पडले. विमा कंपनीचं पत्र आलंय की आणखी एक माणूस पडला तर विमा बंद. विमा बंद झाला तर बँक इमारत ठेवू देणार नाही, आणि आमचं दुसरं छप्पर नाही. त्रेसष्टाव्या वर्षी बर्नाडेटला घेऊन मी कुठे जाणार?

म्हणून ठरवलंय, या हिवाळ्यात माझ्या पायरीवर कोणी पडणार नाही.

२० नोव्हेंबर

पहिला बर्फ. सहा इंच. पहाटे थांबला. ६.५० ला फावडं मारलं, मीठ टाकलं.

एक गोष्ट पाहून बरं वाटलं. मी पायऱ्यांवर आलो तेव्हा बाराच्या बारा खिडक्यांत दिवे लागले होते. पडदे हलत होते. लोकांना कदर आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या गसने घड्याळाकडे पाहून कपाळावर हात मारला, त्याला कामावर उशीर होत असावा. मग आठवलं, गस गेल्या वर्षीच रिटायर झालाय. फरशा बसवायचा.

२४ नोव्हेंबर

शहराशेजारच्या मोठ्या तळ्याकडून वारा सुटला आणि सलग तीस तास बर्फ पडला. कायद्याप्रमाणे मी पांघरुणात पडून राहू शकत होतो. पावणेसातला गसचा फोन. "मालक, झोपलात का? झोपा, झोपा. बर्फ पडतोय, उठायची काय घाई? आठपर्यंत तरी झोपा." इतक्या मायेने मला माझ्या आईनेही कधी झोपवलं नव्हतं.

फोन ठेवतो तोच दारावर टकटक. दुसऱ्या मजल्यावरची थिरी, हातात दुधाळ गोड चहाचा पेला. ब्रह्मदेशाकडची मुलगी, इस्पितळात रात्रपाळी करते. "काका, चहा आणलाय. पण बाहेर उभं राहून प्यायचा हं. थंडीत जास्त चांगला लागतो." म्हटलं बिचारीच्या देशात तशी रीत असेल. बाहेर गेलो. आता बाहेर आलोच आहे तर फावडं मारून टाकावं म्हटलं. ७.०२. वर कोणीतरी टाळी वाजवली.

३ डिसेंबर

पुढच्या दारावरची पन्हळ सांध्यात सुटलीय. दिवसा छपरावरचा बर्फ वितळतो आणि पाणी नेमकं शेवटच्या पायरीवर टपकतं. रात्री त्याची काच होते. उद्या शिडी लावून नीट करतो. तोवर सकाळी सगळ्यात आधी त्या पायरीवर मीठ.

बूट सापडत नव्हते. अर्धा तास शोधले. बर्नाडेटने ते स्वयंपाकघरातल्या केक भाजायच्या भट्टीत ठेवले होते. "तुझ्या पायांना ऊब मिळावी म्हणून," म्हणाली. अडतीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच माझ्या पायांची तिला आठवण झाली. बाहेर पडायला ७.२० झाले.

९ डिसेंबर

पन्हळ राहिली. उद्या.

तळघरात कपडे धुण्याचं मशीन एकच आहे. शनिवारी सकाळी त्यावरून मांजरांसारखी भांडणं व्हायची. मी नोव्हेंबरात भिंतीवर शिस्तीची पाटी लावली: सगळ्यांनी समजुतीने वागावं, मालकाच्या घरचे कपडे सगळ्यांत शेवटी. तेव्हापासून एकही भांडण नाही. दर शनिवारी कोणीतरी एक जण टोपली घेऊन खाली उतरतो आणि बाकीचे बाजूला सरून वाट देतात. नवरी निघाल्यासारखं. बर्नाडेटला म्हटलं, बघ, चार शब्द नीट लिहिले की लोक ऐकतात. ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी होती.

१४ डिसेंबर

आज मनाला घोर लागला.

दुसऱ्या मजल्यावर, दाराच्या बरोबर वर, पेटवेबाई राहतात. हॅटी पेटवे. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. शाळेसमोर मुलांना रस्ता ओलांडून द्यायच्या, हातात 'थांबा' लिहिलेली गोल लाल पाटी घेऊन. माझी पावाची गाडी त्या पाटीपुढे कितीतरी वर्षं उभी राहिलीय. एकदाच, फक्त एकदा, मी थांबलो नाही. बाईंनी शांतपणे खिशातून वही काढली आणि नंबर लिहून घेतला. महिनाभर बेकरीच्या मालकाची बोलणी खात होतो. ती पाटी आता त्यांच्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली असते.

आज सकाळी फावडं मारताना सहज वर पाहिलं. बाई खिडकीत होत्या. माझ्याकडे बघत होत्या. आणि वहीत लिहीत होत्या.

१५ डिसेंबर

पुन्हा लिहीत होत्या. घड्याळ बघून.

टेरीला फोन केला. तो एकदम गंभीर झाला. "काका, बाई पुरावा गोळा करतायत. रोजची वेळ टिपतायत. उद्या कोणी पडलं की वही बाहेर निघेल. तुमची वही नीट चाललीय ना?" हो म्हटलं. "पन्हळीबद्दल काही लिहिलं नाहीत ना?" मी खोकलो. "बरं, मला काही सांगू नका," म्हणून त्याने फोन ठेवला.

मागची पानं चाळली. उद्या, उद्या, उद्या. वही फेकावी तर पुरावा नष्ट केला होईल, ठेवावी तर पुरावा मीच तयार करतोय. कुठून या टेरीचं ऐकलं.

२१ डिसेंबर

जिन्यात बर्नाडेट आणि पेटवेबाई तावातावाने बोलत होत्या.

"सात नऊ," बर्नाडेट म्हणत होती. "मी स्वतः घड्याळ पाहिलंय."

"सात दहा. आणि घड्याळ माझं चालतं, तुझं नाही."

"वरून तुम्हाला काय डोंबल दिसतं? खाली येऊन बघा मग कळेल."

"येईन हो, खाली पण येईन!"

मी जवळ गेलो तशा दोघी चूप. काय झालं विचारलं. बर्नाडेट म्हणाली, "अंडं. अंडं उकडायला किती लागतं ते बोलत होतो." सात मिनिटं नऊ सेकंद का सात मिनिटं दहा सेकंद, यावर दोन शहाण्या बायकांनी एवढं भांडावं! मी तर घड्याळ न बघता उकडतो. पण मला बरं वाटलं, बर्नाडेट त्यांच्याशी बोलते म्हणजे बाईंचा माझ्यावरचा राग थोडा निवळेल.

२४ डिसेंबर

आमच्यात आज, नाताळच्या आदल्या संध्याकाळी, पहिली चांदणी दिसली की पानं मांडतात, आणि एक पान वाटसरूसाठी रिकामं ठेवतात. बर्नाडेटला म्हटलं, यंदा वाटसरू कशाला, पेटवेबाईंनाच बोलावू. त्या आल्या आणि माशाची ताटली संपवली. प्रसादाची पातळ पोळी मोडून अर्धी त्यांच्या हातावर ठेवली आणि धीर करून विचारलं, "बाई, तुम्ही खिडकीत रोज काय लिहिता?"

त्या हसल्या. "तुझं चरित्र लिहिते, मालका. तू वेळेवर येतोस का नाही ते."

मला ठसका लागला. बर्नाडेट पाणी आणायला उठली ती दहा मिनिटं आत. बाई जाताना म्हणाल्या, "परवा बर्फ आहे म्हणतात. जरा सातच्या आसपास बघ." ही धमकीच झाली.

८ जानेवारी

दोन आठवडे रोज ६.४५ ते ७.१५ च्या मध्ये हजर. एक दिवस चुकवला नाही. पण लोकांच्या मायेचा आता जाच व्हायला लागलाय. कोणी सहालाच दार वाजवून विचारतं, मालक, तब्येत कशी आहे? कोणी पावणेसातला म्हणतं, नळ गळतोय, आत्ताच्या आत्ता या. काल मी फावडं घेऊन दारात पोचलो आणि थिरीने माझी बाही धरून आपल्या भावाच्या लग्नाचे फोटो दाखवायला सुरुवात केली. मग चौथ्या फोटोवर अचानक म्हणाली, "जा काका आता, जा."

पन्हळ: शिडी गसकडे आहे. उद्या मागतो.

१९ जानेवारी

नको होतं तेच झालं. तरी लिहितो.

पावणेसातला बूट घालत होतो तेवढ्यात गसचा फोन, घर तापवायचा रेडिएटर फुटलाय, घरभर पाणी. पाना घेऊन तिसऱ्या मजल्यावर धावलो. रेडिएटर कोरडा ठणठणीत. "आत्ता गळत होता! तुम्हाला बघून घाबरला," गस म्हणाला. त्याने मला पाना धरून बसवलं, तिन्ही नळ्या दाखवल्या, कॉफी केली. सारखा घड्याळाकडे बघत होता. सात पंचविसाला म्हणाला, "थांबलं वाटतं गळायचं. सावकाश उतरा."

मी फावडं घेऊन पुढचं दार उघडलं आणि धप्प आवाज आला. पेटवेबाई शेवटच्या पायरीखाली पडल्या होत्या. झोपायच्या झग्यावर कोट, पायात सपाता. वही बर्फात उडालेली. ती पायरी काचेसारखी चमकत होती. वर पन्हळीच्या सांध्याला बर्फाचा सुळका लोंबत होता.

मी फावडं तिथेच बर्फात खुपसलं आणि गुडघ्यावर बसलो. उजवं मनगट वाकडं झालं होतं. त्यांनी डोळे उघडले. "किती वाजले रे?"

"बाई, हलू नका."

"किती वाजले?"

तीनदा विचारलं. मला वाटलं, डोक्याला मार लागला असावा. शेवटी त्यांचंच डाव्या हातातलं घड्याळ त्यांच्यापुढे धरलं. बरोबर साडेसात. बाईंनी खुपसलेल्या फावड्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि काय सांगू, चेहऱ्यावर अशी शांती आली की मला वाटलं, संपलं. मी त्यांना मिठी मारून रडलो. त्या म्हणाल्या, "मनगट सोड, मेल्या."

रुग्णवाहिका घेऊन गेली. बर्नाडेट गसवर जिन्यात ओरडत होती. "कुणी सांगितलं होतं तुला!" गस खाली मान घालून उभा होता. रेडिएटरचं एवढं काय मनाला लावून घ्यायचं?

२० जानेवारी

मनगटाला दोन ठिकाणी मोड. प्लास्टर. सहा आठवडे.

विम्याच्या कागदात लिहिलंय, कोणी पडलं की मालकाने चोवीस तासांत कळवायचं. टेरी म्हणाला, "बाईंनी दावा केलेला नाही, तुम्ही स्वतःहून विंचवाच्या बिळात बोट कशाला घालताय?" मी कळवलं. मग वही उघडली आणि कालच्या तारखेखाली लिहिलं: '६.३० ला शेवटच्या पायरीवर मीठ टाकलं.'

पंधरा मिनिटं त्या ओळीकडे बघत बसलो. मग खोडली. खालचं पान फाटेपर्यंत खोडली. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईचं हाड माझ्या आळसाने मोडलं आणि मी मिठाच्या गोष्टी रचतोय. इमारत जायची तर जाईल.

दुपारी शिडी आणायला गसकडे गेलो. तो शिडी घेऊन खाली आला आणि मी वर असेपर्यंत धरून उभा राहिला. सांधा बसवायला वीस मिनिटं लागली. वीस मिनिटं! सात आठवडे उद्या उद्या करत होतो.

२७ जानेवारी

विमा कंपनीच्या मिस कॉवन आल्या. काळा कोट, बर्फाचे मोठे बूट, चेहऱ्यावर कशावरही विश्वास न ठेवण्याची सवय. पेटवेबाईंच्या स्वयंपाकघरात बसलो. मी, बाई, आणि चहा देण्याच्या निमित्ताने बर्नाडेट. दाराबाहेर अर्धी इमारत उभी होती, जिना कुरकुरत होता.

मी वही टेबलावर ठेवली. "चूक माझी आहे. ३ डिसेंबरपासून पन्हळ गळत होती. मला माहीत होतं. सगळं यात लिहिलंय. त्या दिवशी मी उशिरा आलो."

"खोटं," पेटवेबाई म्हणाल्या. "मी माझ्या सपातांमुळे पडले."

"त्या पायरीवर काच होती बाई!"

"मी काचेवर पाय दिलाच नाही. माझा पाय माझ्याच झग्यात अडकला."

"आत्ता सपाता म्हणत होतात!"

"दोन्ही! मला दोन पाय आहेत."

मिस कॉवननी पेन खाली ठेवलं. "एकोणीस वर्षं हे काम करतेय. पडलेला म्हणतो मालकाची चूक, मालक म्हणतो पडणारा आंधळा. तुम्ही दोघं नक्की कुठल्या बाजूचे आहात?" मग बाईंकडे वळून म्हणाल्या, "सकाळी साडेसातला, झग्यावर कोट घालून तुम्ही पायरीवर काय करत होतात?"

बाईंनी प्लास्टरचा हात मांडीवर ओढून घेतला. बाहेर जिन्याचं कुरकुरणं थांबलं. बर्नाडेट कपात चहा ओततच राहिली आणि तो बशीत, मग टेबलावर गेला.

"हवा खात होते," पेटवेबाई म्हणाल्या.

"शून्याखाली अठरा होतं."

"ताजी हवा थंडच असते, बाळ."

मला दावा करायचा नाही, असं बाईंनी डाव्या हाताने वेडंवाकडं लिहून सही केली. मिस कॉवन खाली जाऊन पन्हळ बघून आल्या. म्हणाल्या, दुरुस्त झालीय तशी नोंद करते, दावा नाही तर फाईल बंद. जाता जाता मला म्हणाल्या, "तुमची वही कोणाला दाखवू नका. वकिलाला तर नकोच."

मी बाईंच्या पाया पडायचा बाकी होतो. माझ्यासाठी बाई एवढं खोटं बोलल्या! बर्नाडेटला म्हटलं, अशी माणसं आता उरली नाहीत. ती म्हणाली, "नाहीतच उरली," आणि टेबल पुसत राहिली.

३ फेब्रुवारी

आज पेटवेबाईंनी वर बोलावलं. टेबलावर ती वही. म्हणाल्या, "बस. उजवा हात चालत नाही, तू लिही. पण आधी वाच. तू कबुली दिलीस, मलाही द्यायला हवी. पोटात ठेवून झोप लागत नाही."

वाचलं.

प्रत्येक बर्फाच्या दिवशी एक पान. समोर बिऱ्हाडांची नावं, प्रत्येकापुढे एक वेळ. खाली मोठ्या अक्षरात, फावडं बर्फाला टेकल्याची खरी वेळ. आठवडाभरात ज्याचा अंदाज सगळ्यात जवळचा, त्याला शनिवारी सकाळी मशीन.

म्हणजे खिडक्यांतले दिवे. चहा. लग्नाचे फोटो. "झोपा, मालक, झोपा." माझी शिस्तीची पाटी! मी एक एक पान उलटत होतो आणि कान तापत होते. अंडं आठवलं आणि मी वही आपटली.

"त्या दिवशी माझी वेळ साडेसातची होती," बाई म्हणाल्या. "गसला मीच सांगितलं होतं तुला अडकवायला. त्याला अजून वाटतं त्यानेच मला पाडलं, दर रविवारी केक घेऊन येतो. आणि तुझी बायको म्हणायची, मी वरून बघून वेळ लबाडीने लिहिते. म्हणून खाली उतरले. आता सांग, कुठल्या तोंडाने म्हणू की मालकाने पाडलं?"

"पन्हळ माझी होती."

"घड्याळ माझं होतं."

मागच्या पानावर जिंकलेल्यांची यादी होती. थिरी एकदा. गस एकदा. पेटवेबाई दोनदा. बर्नाडेट पाचदा. पाचदा! भट्टीत बूट! मालकाच्या घरचे कपडे सगळ्यांत शेवटी म्हणे!

मला खूप राग यायला हवा होता, आणि आलाही होता. पण एक गोष्ट डोळ्यांसमोरून हलेना. प्रत्येक पानाच्या तळाशी एक रकाना आखलेला होता: 'येणारच नाही'. एकतीस पानं मी पुन्हा पहिल्यापासून उलटली. त्या रकान्यात एकदाही कोणाचं नाव नव्हतं.

"हा रिकामा का?" मी विचारलं.

"गेल्या मालकाच्या वेळी सगळे त्यातच नाव घालायचे. खेळच व्हायचा नाही," बाई म्हणाल्या. "तू आलास म्हणून वेळा लिहायला लागलो."

खिडकीशी जाऊन उभा राहिलो. नाक शिंकरलं. बाई म्हणाल्या, "रडायचं तर तुझ्या घरी रड. आणि बर्नाडेटला सांगू नको हं तुला कळलंय. सगळी मजा जाईल." मागे राहिलेल्या नोंदी त्यांनी सांगितल्या तशा मी लिहून दिल्या; आपली पुढची वेळ मात्र त्यांनी एका हाताने झाकून ठेवली. पुढच्या पानापासून थिरी लिहिणार आहे.

टेरीने फोनवर विचारलं, बाईंच्या वहीत काय निघालं? म्हटलं, तू काळजी करू नको, साक्षीदार आपल्या बाजूचा आहे.

१४ फेब्रुवारी

बूट पुन्हा भट्टीत. मी "किती गं माझी काळजी" म्हणून तिच्या गालावर ओठ टेकले आणि मोज्यांवर रबरी चपला चढवून ६.४८ ला बाहेर पडलो. तिचा चेहरा पाहण्यासारखा होता.

४ मार्च

बाईंचं प्लास्टर निघालं. मनगट अजून वळत नाही. ओले कपडे उचलवत नाहीत, म्हणून मधल्या वारी, गर्दी नसताना, एक एक कपडा नेऊन धुतात. मी नेतो म्हटलं तर म्हणाल्या, "जिंकेन तेव्हा ने."

११ एप्रिल

ईस्टर होऊन गेला, तरी पहाटे चार इंच. हा शेवटचाच, असं रेडिओवर सांगितलं. म्हणजे खेळही शेवटचा. दोन महिने मी आंधळ्याचं सोंग उत्तम वठवलं होतं.

दाराशी फावडं घेऊन उभा होतो, पुरतं ठरलं नव्हतं कधी निघायचं. मागून बर्नाडेट किंचाळली, "काझ! पायरीवर कोणीतरी पडलंय!"

दार उघडून धावलो. पायरीवर नुसता बर्फ. कोणी नाही. आणि मागून माझ्या लग्नाच्या बायकोचा आवाज, "सात पाच! सात पाच! सगळ्यांनी पाहिलं!"

बारा खिडक्या धाडधाड उघडल्या. गस ओरडला, "फावडं टेकलेलं नाही! नियम म्हणजे नियम!" थिरी म्हणाली, "काका, फावडं वर आहे, वरच धरा!" खरंच, धावताना मी ते दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं होतं.

"काझ, टेकव ते," बर्नाडेट दारातून म्हणाली. गोड आवाजात. अडतीस वर्षांत हा आवाज मी चार-पाचदाच ऐकलाय, आणि प्रत्येक वेळी तो मला महागात पडलाय.

मी वर पाहिलं. पेटवेबाई खिडकीत होत्या. फावडं टेकायच्या आत खेळणाऱ्याने आपली वेळ ओरडून सांगायची नसते; बर्नाडेट नियम विसरली होती, त्या विसरल्या नाहीत. त्या आत गेल्या आणि परत आल्या. मग खिडकीतून डाव्या हाताने ती गोल लाल पाटी बाहेर आली. थांबा.

मी थांबलो.

वरून बर्फ पडायला पुन्हा सुरुवात झाली होती, तेव्हा कायद्याने माझ्यावर काही जबाबदारी नव्हती. दंड दुखायला लागले. नाकावर बर्फ साठला. पलीकडच्या फुटपाथवर एक माणूस कुत्रं घेऊन थबकला, मला बघून त्याने कुत्र्याला जवळ ओढलं. बर्नाडेट म्हणत होती, "काझ, तुला माझी शपथ." गस वरून मिनिटं मोजत होता. सहा. सात. आठ. एकदा त्या पाटीचा हुकूम मी मोडला होता, दुसऱ्यांदा मोडणार नव्हतो.

सात पंधराला पाटी आत गेली. मी फावडं टेकवलं.

वर एवढा गलका झाला की कुत्रं भुंकायला लागलं. बर्नाडेट दार आपटून आत गेली, आणि मी बाहेरच राहिलो, कारण किल्ली आत होती. त्यामुळे सगळ्या पायऱ्या, फुटपाथ आणि शेजारच्या इमारतीचाही थोडा भाग साफ झाला.

१३ एप्रिल

शनिवार. सकाळी पेटवेबाईंची टोपली मी खाली नेली. सगळ्यांनी बाजूला सरून वाट दिली. मशीनमध्ये निम्मी जागा उरली तेव्हा बाई जिन्यातून ओरडल्या, "बर्नाडेट, तुझ्या चादरी घेऊन ये!" ती आली. माझ्याकडे न बघता चादरी टाकल्या आणि वरून माझे शर्टही टाकले. म्हणजे आता बोलेल.